कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर विकण्याआधी एकदा तपासून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहता. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर त्यांचं कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर रीतसर तुमच्या परवान्यावर आलं. गेली दहा-बारा वर्षं ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये कपाटात पडून आहे. ओळखीतले सगळे म्हणतात, ‘तो डबा विकून टाका, नवीन प्रबल रिव्हॉल्व्हर घ्या, नाहीतर अशनी पिस्तूल घ्या.’ तुम्हाला विचारायचंय की हे रिव्हॉल्व्हर खरंच इतकं वाईट आहे का.

माझ्या मते खरा प्रश्न दुसराच आहे. मॉडेल चांगलं की वाईट, यापेक्षा तुमच्या हातातला हा एक नग आज निरोगी आहे का, हे आधी ठरायला हवं. या रिव्हॉल्व्हरला जी नावं ठेवली जातात त्यातल्या निम्म्या तक्रारी कारखान्याच्या नसतात. जुनी काडतुसं, कधी साफ न केलेलं सिलिंडर (सहा काडतुसांचा फिरता भाग) आणि वर्षातून एकही गोळी न झाडलेला हात यांच्या असतात. तुमचा नग प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ‘ठेवा’ किंवा ‘विका’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका. कसं तपासायचं ते मात्र सांगता येतं.

आधी तक्रारी घेऊ. पहिली म्हणजे .३२ मध्ये दम नाही. तुमच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, १८९६ मधलं. साधारण ६.३ ग्रॅमची शिशाची गोळी, आणि तीन इंची नळीतून तिचा वेग सेकंदाला २०० मीटरच्या आसपास. ऊर्जा सव्वाशे जूलच्या घरात. ९ मिमीच्या तुलनेत ही पाव हिस्सा भरते, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ९ मिमी आणि .३८ हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीची मापं, आहेत, सामान्य परवानाधारकाला ते मिळतच नाहीत. म्हणजे ती तुलना तुमच्या कामाची नाही. आणि प्रबल घेतलंत तरी काडतूस हेच. निर्भीक हे हलकं रिव्हॉल्व्हर घेतलंत तरी हेच. शस्त्र बदलून गोळीचा दम बदलणार नाही, हे पैसे मोजण्याआधी लक्षात ठेवा.

याच काडतुसाची दुसरी बाजू फार लोकांना माहीत नसते. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धेत जगभरचे नेमबाज मोठ्या प्रमाणावर .३२ एस अँड डब्ल्यू लाँगच वापरतात, फक्त गोळी चपट्या तोंडाची, म्हणजे वॉडकटर. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणांनी ५९० गुण करून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली ती याच स्पर्धाप्रकारात. झटका कमी, दाब कमी, त्यामुळे एका जागी गोळी पुन्हा पुन्हा बसवण्यासाठी हे काडतूस उत्तम. ज्यांनी हे रिव्हॉल्व्हर मनापासून वापरलंय ते खूश असतात ते याच कारणाने. सातशे ग्रॅमच्या आसपासचं वजन आणि सौम्य काडतूस, त्यामुळे दुसरी गोळी झाडताना नेम फारसा उडत नाही. निर्भीक टायटॅनियमचं, ५०० ग्रॅमचं. खिशाला हलकं, पण झटका हाताला जास्त जाणवतो.

दुसरी तक्रार चाप जड असल्याची. ती खरी आहे. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) आधी न चढवता सरळ चाप ओढताना, बहुतेक रिव्हॉल्व्हरना चार ते सहा किलो जोर लागतो. कानपूरचे जुने नग त्यातही खरखरीत असतात. घोडा अंगठ्याने चढवून सिंगल ॲक्शनमध्ये झाडलं की जोर निम्म्याच्या आसपास येतो, गोळ्या नेमावर बसू लागतात आणि तेव्हा कळतं की नळीचा दोष नव्हता. यावर उपाय म्हणून काही जण मेनस्प्रिंग घासून किंवा बदलून घेतात. तसं करू नका. स्प्रिंग कमजोर झाली की घोड्याचा मार हलका पडतो आणि प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली पेटणारी टिकली, पेटत नाही. ‘कानपूरचं मिसफायर होतं’ या बदनामीत अशा घासलेल्या स्प्रिंगांचा वाटा मोठा आहे. तुमच्या वडिलांच्या आधी हे शस्त्र कोणाकडे होतं का, आणि कोणी आत हात घातला होता का, हे त्यांना जरूर विचारा.

आता तपासणी. हे सगळं रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, नळी सुरक्षित दिशेला धरून करायचं. बोट चापाबाहेर. लॅच दाबून नळी खाली उघडा, सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी पाहा आणि करंगळीचं टोक प्रत्येकावर फिरवा. बंद केल्यावर पुन्हा उघडून पुन्हा पाहा.

पहिलं, बिजागरी आणि लॅच. हे टॉप-ब्रेक रिव्हॉल्व्हर आहे, वेब्लीच्या धाटणीचं, म्हणजे नळी आणि बॉडी एका पिनवर जोडलेली आणि वर लॅचने अडकवलेली. बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरा आणि वर-खाली, डावी-उजवी हलवून पाहा. केसभर हालचाल चालते. लॅचपाशी ‘टक टक’ असा आवाज येत असेल किंवा उजेडात धरल्यावर फट दिसत असेल तर पिन किंवा लॅच झिजली. सिनेमात दाखवतात तसं मनगटाच्या झटक्याने रिव्हॉल्व्हर बंद करण्याची सवय ही झीज सगळ्यात लवकर आणते. दोन्ही हातांनी बंद करा, लॅच बसल्याचा आवाज ऐका.

दुसरं, सिलिंडरची जुळणी. यात बरेच जण फसतात. या रचनेत सिलिंडर पक्कं अडकतं ते चाप पूर्ण मागे दाबून धरलेला असताना. शस्त्र नुसतं टेबलावर असताना सिलिंडर थोडं हललं म्हणून ते खराब ठरत नाही. घरांत डमी काडतुसं घाला, म्हणजे फायरिंग पिनला मार बसणार नाही. मग घोडा सावकाश चढवा, चाप दाबा आणि दाबूनच ठेवा, तेव्हा सिलिंडर हलवून पाहा. आता ते जवळजवळ घट्ट हवं. हे सहाही घरांवर करा, कारण एकच खाच झिजलेली असू शकते. एखाद्या घरावर सिलिंडर पूर्ण फिरतच नसेल, तर गोळी नळीच्या तोंडावर कडेला आदळते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. तो नग दुरुस्तीशिवाय झाडायचा नाही.

तिसरं, सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट. मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फीलर गेज मिळतं, तेच वापरा. ०.१० ते ०.२५ मिमी फट असेल तर उत्तम. त्याहून कमी असेल तर काजळी साचली की सिलिंडर अडखळतं. ०.३० च्या पुढे गेली तर गॅस आणि शिसं बाजूने फुटतं, गोळीचा वेगही जातो. सिलिंडर आधी मागे ढकलून आणि मग पुढे ढकलून, दोन्ही वेळा मोजा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर अक्षावरची झीज समजा.

चौथी चाचणी सोपी आणि सगळ्यात महत्त्वाची. डमी काडतुसं घरांतच राहू द्या. घोडा चढवा, चापाला हात न लावता अंगठ्याने घोड्यावर मागून पुढे बेताचा जोर द्या. तो सुटून पडला तर आतली खाच गेलेली आहे. मग बाकी सगळं कितीही छान असलं तरी तो नग परवानाधारक गनस्मिथकडेच जायला हवा.

नळी शेवटी. उघडून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि पुढून पाहा. नळीतल्या पिळदार खाचांच्या कडा स्पष्ट, चकचकीत हव्यात. राखाडी चट्टे म्हणजे बहुतेक वेळा शिसं, ते निघतं. काळे खड्डे म्हणजे गंज, ते निघत नाहीत. पण थोड्या खड्ड्यांनी दहा मीटरवर फारसं बिघडत नाही, साफ करायला वेळ जास्त लागतो एवढंच. नळीत एखादी कड्यासारखी सावली दिसली तर मात्र नळी तिथे फुगलेली आहे, म्हणजे कधीतरी आत गोळी अडकली असताना दुसरी झाडली गेली. तसा नग वापरायचा नाही.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी चामड्याच्या होल्स्टरची वाटते. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्याने शोषलेली ओल, दोन्ही पोलादाला खातात. ठाण्यात खाडीची हवा आणि चार महिने पाऊस. तेव्हा मुठीची कव्हरं स्क्रू काढून उघडा आणि खालची बॉडी पाहा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या नगाच्या मुठीखाली तांबूस पावडर निघते. वरवरचा गंज तेल आणि मऊ पितळी ब्रशने हळू काढा, पॉलिश पेपर लावू नका. पुढे साठवताना हलकं तेल लावून सुती कापडात गुंडाळा आणि स्टीलच्या लॉकरमध्ये ठेवा. छोट्या लॉकरला ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल दीडशे-दोनशे ग्रॅम पुरतं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला रंग बघा. बदलला असेल तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा.

साफसफाईत एक जागा सगळे विसरतात आणि तीच जागा शस्त्र अडवते. रिव्हॉल्व्हर उघडल्यावर झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या उचलणारी चांदणीच्या आकाराची पट्टी वर येते. तिच्या खाली दारूचा एक न जळलेला कण अडकला तरी ती पूर्ण बसत नाही. मग सिलिंडर घासत फिरतं, चाप अचानक दुप्पट जड वाटतो, कधी रिव्हॉल्व्हर बंदच होत नाही. जुन्या टूथब्रशने चांदणीची खालची बाजू आणि तिची बैठक कोरडी साफ करा. तिथे तेल टाकू नका, तेल कण धरून ठेवतं. तेल हवं ते बिजागरीला एक थेंब, लॅचला एक, सिलिंडरच्या अक्षाला एक, घोड्याच्या बाजूला एक. बस्स. सहा घरं आणि नळी शेवटी कोरड्या कापडाने पुसा, कारण तेल झिरपून काडतुसाच्या प्रायमरमध्ये गेलं की तेच काडतूस ऐनवेळी पेटणार नाही.

चांदणीचीच दुसरी गंमत टॉप-ब्रेकला आहे. हळूहळू उघडलं तर एखादी पुंगळी चांदणीवरून घसरून तिच्या खाली परत घरात बसते आणि मग रिव्हॉल्व्हर बंद होत नाही. लोक ताकद लावतात आणि चांदणी वाकवतात. उघडताना शस्त्र बाजूला कलतं धरून एका दमात पूर्ण उघडा, पुंगळ्या खाली पडतात. तरी अडकलीच तर पूर्ण उघडून चांदणी बोटाने वर धरा आणि पुंगळी पुढच्या बाजूने पेन्सिलीने मागे ढकला. पुंगळ्या गोळा करून ठेवा, हिशेबाला लागतात.

काडतुसांबद्दल ठासून सांगतो. वडिलांच्या काळातली, कपाटात बारा पावसाळे काढलेली काडतुसं भरवशाची समजू नका. हिरवट डाग, सैल गोळी किंवा आत गेलेला प्रायमर दिसला तर ती अजिबात झाडायची नाहीत. ती परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा. नवीन घेताना पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाचा. ‘केएफ’ म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचं काडतूस. आणि ‘.३२’ एवढंच पाहून घेऊ नका. अशनीचं .३२ एसीपी वेगळं. ते आखूड काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या घरात बसतं, अनेकदा उडतंही, पण त्याचा कमाल दाब सुमारे २०,५०० पीएसआय आणि तुमच्या काडतुसाचा १५,०००. जुन्या टॉप-ब्रेकच्या लॅचवर तो जोर कधीही आणू नका.

आता नेम. ‘दहा मीटरवर टार्गेटला लागत नाही’ ही तक्रार गणिताने बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर १०० मिमी धरलं, तर पुढची साइट १ मिमी सरकली की दहा मीटरवर गोळी १० सेंमी सरकते. लांब नळीच्या स्पर्धा पिस्तुलात हीच चूक निम्मी होते. म्हणून छोट्या नळीचं शस्त्र चूक माफ करत नाही, पण म्हणून ते वाकडं असतं असं नाही. हात टेकवून, घोडा चढवून, दहा मीटरवर पाच गोळ्या झाडा. त्या एका तळहातात मावल्या तर नळी चांगली आहे. मग तेच डबल ॲक्शनने करा. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर चाप हिसडला जातोय. याची खात्री करायची तर रेंजवर कोणाला तरी चार खरी आणि दोन डमी काडतुसं तुम्हाला न दाखवता भरायला सांगा. डमीवर नळी खाली डुचमळली की दोष कुठे आहे ते तुम्हालाच दिसेल. सुधारण्यासाठी मूठ शक्य तितकी वर पकडा, चापावर बोटाचं पहिलं पेर ठेवा आणि मध्ये न थांबता एकसारखा ओढा. चापाच्या कडीमागची पोकळी मधल्या बोटाला खात असेल तर रबरी ग्रिप बसवा. मोठ्या हाताच्या माणसाला या एका बदलाने फार फरक पडतो.

गोळ्या एकत्र बसतात पण सगळ्या वर किंवा खाली, असं झालं तर साइटला कानस लावायची घाई नको. स्थिर साइट एका ठरावीक गोळीसाठी बसवलेली असते. जड, मंद गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर झटक्याने नळी वर उचलली जाते आणि गोळी वर लागते. हलकी, वेगवान गोळी खाली लागते. आधी काडतूस बदलून पाहा.

सरावासाठी मान्यताप्राप्त रेंजच हवी. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. स्वतःच्या परवान्याचं शस्त्र आणण्याची परवानगी आणि वेळा आधी फोनवर विचारून घ्या. चापावरचं बोट सुधारायचं असेल तर १० मीटर एअर पिस्तूलही खूप उपयोगी पडतं, पनवेलला सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबमध्ये चौकशी करता येईल. रेंजवर दोन गोष्टी पाळा. नुसता ‘खट’ आवाज आला तर नळी टार्गेटकडे ठेवून तीस सेकंद थांबा, मगच उघडा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा चाप ओढायचाच नाही. रिकामं करून नळीत रॉड आरपार जातो का ते पाहा. कमी दाबाच्या काडतुसाची गोळी नळीत अडकू शकते, आणि फुगलेल्या नळ्या अशाच होतात.

बदलायचंच असेल तर. प्रबल २०२३ मध्ये आलं, ७६ मिमी नळी, ६७५ ग्रॅम, आणि सिलिंडर बाजूला उघडतं. भरणं-रिकामं करणं त्यात सुटसुटीत आहे, बिजागरीची कटकट नाही. तुमचं लॅच झिजलेलं निघालं तर प्रबलचा विचार रास्त आहे. अशनीलाही लोक उगाच नावं ठेवतात. .३२ एसीपीच्या पुंगळीला बारीक कड असते, आणि मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही अडकतात. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसवली, मॅगझिनचे ओठ वाकलेले नसले आणि मनगट ताठ ठेवलं, तर त्या पिस्तुलाच्या बऱ्याच तक्रारी संपतात. पण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला जोर लागतो. घरात सांधेदुखीचं माणूस ते हाताळणार असेल तर रिव्हॉल्व्हरच बरं, अर्थात त्या माणसाचाही परवाना हवा.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. म्हणजे कानपूरचं ठेवून दुसऱ्यासाठी अर्ज करण्याचीही वाट तुम्हाला मोकळी आहे. विकायचं ठरलं तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला कळवल्याशिवाय व्यवहार करू नका. परवानाधारक दुकानदाराला विकणं त्यातल्या त्यात सोपं.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात होल्स्टरमधून बाहेर, मुठीखालचा गंज, मग बिजागरी, सहा घरं, फट, घोडा, नळी. फटीचे दोन आकडे एका कागदावर लिहा. घोडा सुटला, नळी फुगलेली निघाली किंवा लॅच खडखडलं तर तो कागद घेऊन थेट गनस्मिथकडे जा. सगळं ठीक निघालं तर ताजी पंचवीस काडतुसं घ्या, रेंजवर पाच-पाचच्या पाच फैरी झाडा आणि प्रत्येक टार्गेटवर तारीख, अंतर आणि काडतुसाचा शिक्का लिहून ठेवा.